पत्त्याच्या ओळीतले नाना

धुळ्याहून काकूंचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "सुनीता, नाना गेले गं..." एवढंच बोलल्या. पोळपाटावरची पोळी अर्धीच राहिली.

नाना म्हणजे जळगावच्या आमच्या ठिबक सिंचनाच्या ऑफिसातले जुने सर्व्हेअर, काकू त्यांच्या पत्नी. नव्वदचं दशक संपत आलं होतं, ऑफिसात नुकतंच इंटरनेट आलं होतं आणि मीही नुकतीच लागले होते. वडील वारलेले, घर माझ्या पगारावर. शेतकऱ्याच्या शेताची माहिती पुण्याच्या कॉम्प्युटरला पाठवायचा प्रोग्राम माझ्याकडे आला. विहीर, मोटर, पाइप, पीक, अख्खं शेत वेबच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह टाकून एका ओळीत ओवायचं. मी ओवलं, वर फुशारकीही मारली. पण एरंडोलच्या एका आबांचे मळे निघाले दोन. ओळीत दोन पिकं, दोन पाइप; कुठला पाइप कुठल्या मळ्याचा, हे पुण्याला कळेना. केळीच्या नळ्या लिंबाच्या मळ्यात जाऊन पडल्या. साहेबांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "उद्यापर्यंत जमलं नाही तर दुसरी नोकरी बघा."

मी रडू आवरत बसले होते. नानांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला आणि छापलेली ती ओळ बोट ठेवून वाचत गेले... "बेटा, गावमा इतला पोरं शेतस. आपले कसं समजस, कोन कोना शे ते? बठ्ठास्ले बापनं नाव लाव." अहिराणीत बोलले, पण कळलं: गावातल्या सगळ्या पोरांना बापाचं नाव लावतात, तसं मग मी प्रत्येक गोष्टीआधी तिच्या मळ्याचं नाव लावलं. मळा एक, पाइप. मळा एक, पीक. मळा दोन, पाइप. ओळ लांबलचक झाली, पण दुसऱ्या दिवशी पुण्याहून यादी बिनचूक आली. हे नानांचं डोकं, असं मी साहेबांना सांगितलं, तर नाना म्हणाले, "छे हो, मला माउससुद्धा धरता येत नाही." खरंच येत नव्हता.

निवृत्तीनंतर ते धुळ्याला मुलांकडे गेले. माझं लग्न, संसार... जाणं कमी झालं, त्याचं आता फार वाईट वाटतं. दिवाळीला फोन मात्र त्यांचाच आधी यायचा.

परवा भेटायला गेले. काकूंनी नानांची फोनची डायरी पुढे ठेवली. "कुणाला कळवायचं राहिलंय का, बघ." तेच तिरकं अक्षर, आणि नुसतं नाव कुठेच नाही. एरंडोल, आबा, धाकटा मुलगा. पाचोरा, भाऊ, जावई. ऑफिसच्या पानावर मी स्वतःला शोधलं. साहेब होते, शिपाई होता, मी नव्हते. खट्टू होऊन डायरी मिटणार, तेवढ्यात पहिलं पान दिसलं. तिथे दोन मुलांची नावं होती, आणि खाली तिसरी ओळ: घर, लेक, सुनीता.