खंडेनवमीची सही

गावच्या दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर मी लिहिलंय, कोल्हारच्या घरी बसून. खंडेनवमीच्या सकाळी ते बंद पडलं. चूक माझीच, आदल्या दिवशी पाठवलेल्या अपडेटमधली. दुरुस्ती तासाभरात झाली, पण माझी डिजिटल सही असल्याशिवाय केंद्राचा कॉम्प्युटर दुरुस्तीचं पॅकेज घेत नाही. हा कडक नियमही मीच घातलेला. संध्याकाळचं दूध सहाला. तोवर सही झाली नाही तर कॅन दारात उभे राहणार आणि गाव आमच्या घराचा उद्धार करणार.

सही करायला गेले तर माझा कॉम्प्युटर म्हणे, सहीची चावी सापडत नाही. मी चावीची मुदत तपासली, घड्याळ तपासलं, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. पुण्यातल्या सहकाऱ्याला मदतीसाठी फोन केला आणि त्याच्यावरच डाफरले. दोन तासांनी वाकून कॉम्प्युटरच्या मागे पाहिलं. चावी ज्यात असते ते बोटभर टोकनच तिथे नव्हतं.

ते पूजेच्या पाटावर होतं. विळा आणि मोटारीचा पाना यांच्या मधे, हळदकुंकू लावून.

"तुझं हत्यार हाय ना ते? म्हणून मांडलं," वडील म्हणाले.

इतकी वर्षं माझं काम त्यांच्या हिशेबी नुसतं बसणं होतं. मला भरून आलं, आणि त्याच वेळी कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"दादा, द्या ना ते."

"उद्याच्याला. पूजेतलं हत्यार हलवायचं न्हाई, हात लावायचा न्हाई."

"आणि दूध?"

दूध आमच्याही गाईंचं होतं.

मी कॉम्प्युटरपासून लांब वायर आणली आणि टोकनला हात न लावता, न हलवता तिचं टोक त्यावर सरकवलं. पडद्यावर आलं: पंधरा सेकंदांत टोकनला स्पर्श करा. मी हात पुढे केला, वडिलांनी मनगट धरलं. पंधरा सेकंद गेले. पुन्हा तेच.

शेवटी आईच वैतागली. "अवो, कुंकू लावायला तर चालतंय ना?"

वडिलांनी बोट कुंकवात बुडवून टोकनच्या चकतीवर टेकवलं. सही झाली; चकतीला बोट कुणाचंही चालतं. पॅकेजेस तीन होती, म्हणून तीनदा कुंकू. तिसऱ्यांदा थर इतका चढला की टोकनला बोट कळेना. आईने फुंकर मारली तेव्हा कुठे जमलं.

सहाला केंद्र सुरू झालं. वडील रांगेत लाल बोट दाखवत सुटले होते, "सही म्या केली!"

"आन् सकाळी बंद कुनी पाडलं हुतं?" मागून कुणीतरी विचारलं. मी खाली बघायला लागले.

वडिलांनी आमचा कॅन पुढे सरकवला. "तेबी आमीच."