वरचे दोन दात

आमच्या घरात अंधश्रद्धेला थारा नाही. आजोबांनी बुद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच देव्हारा, नवस, उतारे सगळं घराबाहेर गेलं. मी देगलूरला विज्ञान शिकवतो, धाकटी बहीण चाकूरला. आम्ही दोघं एकत्र दिसलो की नातेवाईक आपले गंडेदोरे बाहीत लपवतात, एवढा आमचा धाक.

बहिणीला मुलगी झाली. भाचीनं मान धरली, व्हिडिओ आला. पालथी पडली, तीन आले. बसायला लागली तेव्हा तर माझा फोनच भरला. आठव्या महिन्यात मात्र चित्र बदललं. फोटो यायचे, पण पाठमोरे. व्हिडिओ कॉल लावला की पोरीच्या तोंडावर नेमका रुमाल. "सर्दी झालीय," बहीण म्हणायची. महिनाभर सर्दी? मी मनाला लावून घेतलं. तिच्या नव्या घराच्या कार्यक्रमाला मी पेपर तपासायचं निमित्त सांगून गेलो नव्हतो. त्याचा राग असणार. पण म्हणून सख्ख्या मामाला भाचीचं तोंड दाखवायचं नाही?

एका रविवारी न कळवता मोटारसायकल काढली आणि चाकूर गाठलं. भाची सतरंजीवर रांगत होती. मला बघून खुदकन हसली. खाली नुसतं बोळकं आणि वर दोन पांढरेशुभ्र दात. बहीण स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं पोरीच्या तोंडावर ओढणी धरली.

वरचे दात आधी आले तर मामाला जड, त्यानं ते बघूच नयेत, असं आमच्याकडं म्हणतात. मी मोठ्या आनंदानं व्याख्यान सुरू केलं. हिरड्या, जबडा, अनुवंश, फळा तेवढा नव्हता. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला ठाव हाय, दादा. मी बी पोरांना हेच शिकवते."

"मग?"

"मग काय? मला भाऊ एकच हाय."

माझा धडा तिथंच आटोपला. पण मास्तरकी सुटत नाही. "लोक यावर उपाय काय सांगतात?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"मामानं चांदीची वाटी आणायची अन् तिच्यातून लेकराला घास भरवायचा." म्हणजे बाईंची चौकशी पूर्ण झालेली होती.

मी बाजारात गेलो. "वरचे दात का?" सराफानं विचारलं.

"न्हाई हो, वाढदिवस हाय," मी ठोकून दिलं.

वाटीत वरणभात कालवला. पहिला घास भाचीनं थुंकला. बहिणीचा चेहरा उतरला. दुसराही थुंकला. मग आम्ही दोघं विज्ञानाचे शिक्षक जीव मुठीत धरून तिसऱ्या घासाकडं बघत बसलो. पोरीनं तो बराच वेळ तोंडात घोळवला आणि अखेर गिळला. बहीण तोंडाला ओढणी लावून रडत होती, आणि मी घाईघाईनं चौथा घास कालवत होतो.