ब्राह्मीचा रस आणि दहा गुणांची चाचणी

माझ्या पत्नीला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, तेव्हा मला शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाली होती. परळच्या एका माध्यमिक शाळेत मी जीवशास्त्र शिकवत असे. डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली. त्या गोळीने पत्नीला मळमळू लागले, जेवण कमी झाले. तीन आठवड्यांनी मी ती गोळी बंद केली, आणि डॉक्टरांना कळवले नाही. हे आरंभीच सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे या निर्णयातून घडले.

गोळीच्या जागी मी ब्राह्मी निवडली. आपल्याकडे ब्राह्मी म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकल्या जातात. एकीची पाने वाटोळी, देठ लांब. दुसरीची पाने लहान आणि मांसल, फूल फिकट पांढरे. स्मरणशक्तीच्या संदर्भात अभ्यासकांनी दोन्हींकडे लक्ष दिले आहे, परंतु मला दुसरी हवी होती. दादरच्या फुलबाजारात पत्री विकणाऱ्या बाईंकडून मी ती मुळांसकट आणली आणि गॅलरीत पत्र्याच्या दोन डब्यांत लावली. रोज सकाळी पाने मोजून वाटायची, फडक्यातून गाळायची आणि दोन चमचे रस द्यायचा, असा क्रम ठरला.

"शी! गटाराच्या कडेचं गवत आणलंय की काय?" पहिल्याच दिवशी ती म्हणाली.

"दलदलीतच वाढते ती. पी."

"तुम्ही घ्या आधी. मास्तरांना पण विसरायला होतंय. काल चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधत होतात."

मी घेतला. रस खरोखरच कडू होता.

परिणाम मोजल्याशिवाय औषधाला औषध म्हणू नये, असे मी मुलांना सांगत आलो होतो. म्हणून दर रविवारी सकाळी दहा वाजता दहा गुणांची तोंडी चाचणी घेऊ लागलो. सुरुवातीला तीन शब्द सांगायचे: चावी, होडी, पेरू. मग वार, तारीख, महिना, साल, आपला मजला, जवळचे स्टेशन आणि वीसमधून तीन वजा, असे सात प्रश्न. शेवटी ते तीन शब्द परत विचारायचे. गुण एका वहीत तारखेसह लिहीत असे. पहिल्या रविवारी पाच मिळाले, दुसऱ्या रविवारी चार.

पाचव्या रविवारी सात मिळाले. सातव्या रविवारी आठ, पुढच्या रविवारी पुन्हा आठ. मी वहीत आलेख काढला आणि पुण्याला मुलीला फोन करून रेषा वर चढते आहे असे सांगितले. ती म्हणाली, "बाबा, डॉक्टरांना दाखवा ना." मी म्हणालो, आणखी महिनाभर नोंदी होऊ देत. इतका आनंद मला शाळेचा निकाल लागल्यावरही क्वचितच झाला होता.

एकच प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा देऊ नये, हे शिक्षकाला शिकवावे लागत नाही. तरीही मी तीच देत होतो. अकराव्या रविवारी ही चूक लक्षात आली, म्हणून मी शब्द बदलले: आरसा, दोरी, लिंबू. ती नीट ऐकत होती. सात प्रश्न झाले, सातही उत्तरे बरोबर आली. शेवटी मी शब्द विचारले.

"चावी, होडी, पेरू," ती ठामपणे म्हणाली.

तिची डावी मूठ मांडीवर घट्ट मिटलेली होती. मी ती उघडायला सांगितली. तिने नकारार्थी मान हलवली. मी हळूच बोटे सोडवली. तळहातावर निळ्या बॉलपेनने वार, तारीख, साल, मजला, सतरा आणि ते तीन शब्द लिहिले होते. अक्षर तिचे नव्हते.

माझ्या नोकरीत मी अशी कितीतरी मुले पकडली. त्यांच्यावर ओरडण्याचे शब्द मला तोंडपाठ होते. त्या दिवशी त्यातला एकही आठवला नाही.

"सगळं बरोबर होतं की," ती म्हणाली. "शब्द तुम्हीच बदललेत."

अक्षर शेजारच्या सूनबाईंचे होते. मी विचारल्यावर त्या रडवेल्या झाल्या. "काका, काकू दर रविवारी नऊ वाजता दारात येऊन हात पुढे करतात. म्हणाल्या, कमी मार्क पडले तर मला आश्रमात टाकणार आहेत. तुमचे प्रश्न तर दर रविवारी भिंतीपलीकडून ऐकू येतात. मी नाही कसं म्हणू?"

तेव्हा मला आठवले. चार गुण पडले त्या दिवशी मी मुलीला फोनवर म्हणालो होतो, "आणखी घसरली तर तुझ्या तिथल्या त्या वृद्धाश्रमाची चौकशी कर." पत्नी दोन पावलांवर, ओट्यापाशी भांडी घासत होती. सकाळचा चहा झाला की नाही हे ती दुपारी विसरत असे. हे वाक्य मात्र तिने धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि सर्व सांगितले. ते रागावले नाहीत.

"सर, ती गोळी तरी कुठली? युरोपात बर्फातून वर येणाऱ्या एका पांढऱ्या फुलाच्या कंदात सापडलेलं द्रव्य आहे ते. तुम्हाला झाडाचं औषध हवं होतं ना, तेच दिलं होतं मी."

"मग ब्राह्मी?"

"अभ्यास चालू आहेत. ती या आजाराला थांबवते असं मी आज म्हणू शकत नाही. गोळीसुद्धा गेलेलं परत आणत नाही. काही जणांत घसरण थोडी लांबवते, एवढंच."

"मध्ये बंद केल्याने नुकसान झालं का?"

त्यांनी वहीची पाने चाळली. "झालं असेल किंवा नसेल. तुमच्या वहीवरून तर काहीच कळायचं नाही." गोळी पुन्हा सर्वांत कमी मात्रेपासून, जेवणानंतर सुरू करायची, असे त्यांनी लिहून दिले. मळमळीसाठी फोन करा, स्वतः बंद करू नका, हे दोनदा बजावले.

त्या संध्याकाळी मी पत्नीला समोर बसवून सांगितले की चाचणी संपली, आणि तिला कुठेही पाठवायचे नाही. तिने ऐकले, "नक्की?" असे विचारले, आणि माझा हात बराच वेळ सोडला नाही. सकाळपर्यंत ते बोलणे तिच्या मनातून पुसले गेले होते. मी पुन्हा सांगितले, आणि आता रोज सांगतो. दर वेळी ती पहिल्यांदाच ऐकावे तसे ऐकते. भीती कशामुळे शिरली हे तिला आज सांगता येत नाही. शेजारच्या सूनबाईंनाही ती ओळखत नाही. पण पुण्याहून मुलीचा फोन वाजला, की ती जागेवरून उठते, ओट्यापाशी जाते आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला घेते.