गृहभेटीचा रकाना

पहिल्या भेटीत बाईंनी मला चहा विचारला नाही, टाचण विचारलं.

मी सोफ्यावर नीट टेकलोही नव्हतो. "मास्तर ना तुमी? मंग या आठवड्याचं टाचण कुठं हाय?" मला वाटलं थट्टा चाललीय, म्हणून मी हसलो. बाई हसल्या नाहीत. आठवडाभर कोणत्या तासाला काय शिकवायचं, फळ्यावर काय लिहायचं, कोणाला काय विचारायचं, हे सगळं रविवारी वहीत मांडायचं म्हणजे टाचण. बी.एड. संपलं त्या दिवशी मी त्या वहीला हात जोडले होते. वॉटरफोर्डमध्ये ती पुन्हा काढावी लागेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

बाई म्हणजे मेधाच्या सीनियर डॉक्टरांच्या आई आणि मेधा म्हणजे माझी बायको. तिला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून २०१६ मध्ये आम्ही आयर्लंडला आलो. पुण्यात अकरा वर्षं गणित शिकवलेला मी इथं एकदम 'डॉक्टरांचे मिस्टर' झालो. माझं काम एकच, कपडे वाळत घालायचे आणि पाऊस आला की काढायचे. दिवसातून पाच वेळा. आठ महिने कागदपत्रांत गेल्यावर एका शाळेत बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी जानेवारी ते जून अशी मला नोकरी मिळाली. जूनपर्यंत पसंत पडलो तर सप्टेंबरपासून कायमची जागा निघणार होती. ती जागा मला हवी होती. इतकी हवी होती की घंटेच्या अर्धा तास आधीच मी वर्गात जाऊन बसायचो.

त्याच जानेवारीत बाई तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या. अमरावतीजवळच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं काढली होती. इथं मुलगा, सून कामाला आणि घरात शिकवायला कोणी नाही. अशात त्यांना आयता मास्तर सापडला. सुटका कशी होणार? मेधाची महिन्याची ड्युटी ज्यांच्या हातात, त्यांच्या आईला नाही म्हणायचं कसं? "दाखव की टाचण," मेधा म्हणाली, "तुझं काय जातंय?" तिचं काहीच जात नव्हतं. माझा रविवार जात होता.

दर रविवारी चार वाजता मी वही घेऊन त्यांच्यापुढे बसायचो. बाई लाल पेन काढायच्या. "भागाकार समजला का म्हनून पोराईले विचारू नका मास्तर. समदे हो म्हनतेत. एकाले फळ्याजवळ बोलवा." मी सांगितलं की इथं फळा नाही, पडदा आहे, सगळं त्यावर दिसतं. "अन् लाइट गेली तं?" मी जरा तोऱ्यातच म्हणालो, "इथं लाइट जात नाही, बाई." त्याच आठवड्यात वादळ आलं आणि दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे आपल्या आठवीच्या, वर्गात ऐन समीकरणाच्या मध्यात लाइट गेली. चोवीस मुलं आनंदानं माझ्याकडे बघत बसली आणि मी हात चोळत उभा राहिलो. हे बाईंना सांगायची काही गरज नव्हती, पण मेधानं सांगितलं.

बाहेर पडल्या की बाईंचा अवतार बघण्यासारखा असे. सहावारी पातळ, पायात स्पोर्ट्स शूज आणि वर मुलाचा गुडघ्यापर्यंतचा रेनकोट. इंग्रजी जेमतेम, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. बसस्टॉपवरच्या म्हाताऱ्या त्यांना हवामान सांगायच्या आणि बाई त्यांना "हाओ, व्हेरी बॅड" म्हणून दाद द्यायच्या. आम्हाला शेजाऱ्याचं नाव कळायला वर्ष लागलं. बाईंना तीन आठवड्यांत अख्ख्या गल्लीचे गुडघे पाठ झाले. बुधवारी चर्चच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांचा चहा असतो, तिथंही त्या बेसनाचे लाडू घेऊन जाऊ लागल्या.

फेब्रुवारीत त्यांनी माझ्या टाचणात पट्टीनं एक नवा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'गृहभेट'. "लेकरू वर्गात कळत नाही, मास्तर. त्याच्या घरी जाऊन घोटभर चहा घेतला का कळते." मी कपाळावर हात मारला. बाईंना समजावलं की इथं मास्तर मुलांच्या घरी जात नाही. मुलांच्या सुरक्षिततेचे नियम आहेत. वर्षातून एकदा हॉलमध्ये पालक येतात, प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात. "पाच मिन्टात तं नुसतं बूड टेकते मानसाचं," बाई म्हणाल्या. पुढच्या रविवारी रकाना कोराच होता. त्यांनी त्यात लाल प्रश्नचिन्ह काढलं. त्याच्या पुढच्या रविवारी दोन.

कटकट थांबावी म्हणून एकदा मी त्यांना नीव्हबद्दल सांगितलं. ही चौदा वर्षांची मुलगी खिडकीशी बसायची आणि तासभर डोकं बाकावर ठेवायची. गृहपाठ नाही, उत्तर नाही, काही विचारलं तर "आय'म ग्रँड, सर," म्हणजे मी अगदी मजेत. उपमुख्याध्यापक माझा तास बघायला येणार होते आणि नेमकी ही पोरगी पहिल्याच नजरेत भरणार होती. मी बाईंना तिचं नाव सांगितलं. हा माझा गाढवपणा.

त्या शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी मला बोलावलं. एका आजीबाईंचा शाळेत फोन आला होता, आभार मानायला. शाळेनं इतक्या आपुलकीनं घरी कोणाला तरी पाठवलं म्हणून. मुख्याध्यापिकांनी चष्मा काढला आणि अगदी हळू विचारलं, "ही साडीतली बाई कोण?"

झालं होतं असं. नीव्हची आजी बुधवारच्या चहाला यायची. तिच्या तोंडून नातीचं नाव ऐकताच बाईंनी घर विचारून घेतलं, दुसऱ्या दिवशी लाडवांचा डबा घेऊन दार वाजवलं आणि सांगितलं, "आय ॲम मॅथ्स टीचर्स हेडमास्तर." दोघी दोन तास बसल्या. नीव्हची आई डब्लिनच्या हॉस्पिटलात महिनाभर पडून होती आणि नीव्ह आजीकडे राहून रात्री धाकट्या भावाला सांभाळत होती. आजीनं शाळेला यातलं अक्षर कळवलं नव्हतं. उगाच कोणाला त्रास कशाला, म्हणून. ते सगळं तिनं बाईंना सांगितलं होतं.

मुख्याध्यापिका म्हणाल्या की मुलीसाठी जे करायचं ते शाळा करील. मग म्हणाल्या की विद्यार्थिनीचं नाव शाळेबाहेर गेलं ही गंभीर चूक आहे, आणि याची नोंद होईल. त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

मी शाळेतून थेट बाईंकडे गेलो. बूटही काढले नाहीत. "बाई, ही तुमची झेडपीची शाळा नाही! माझी नोकरी जाईल तुमच्यापायी. मला तुमचं टाचण नको, काही नको!" बाई भाजी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. "लेकरू बोललं का पन वर्गात?" एवढंच त्यांनी विचारलं. मी दार आपटून निघालो.

त्या रविवारी चार वाजता मी घरीच होतो. सुटलो एकदाचा, असं म्हणत दोनदा चहा केला. त्यानंतरच्या रविवारीही कोणी वही मागितली नाही. एप्रिलच्या सुरुवातीला बाई परत गेल्या. निरोपाला मेधा गेली. मी पेपर तपासायचे आहेत म्हणालो. खरं म्हणजे तोंड दाखवायची लाज वाटत होती.

जूनमध्ये मला ती जागा मिळाली. नीव्ह तोवर डोकं वर करून बसू लागली होती, कधीकधी पडद्याजवळ येऊन गणितही सोडवत होती. जागा कशामुळे मिळाली हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी अमरावतीला फोन लावला. माफी मागायचं ठरवून लावला होता. "बाई, जागा मिळाली," म्हणालो आणि माफीऐवजी तिकडच्या उकाड्याची चौकशी केली. बाई म्हणाल्या, "मंग शाळा सुरू झाली का टाचणाचा फोटो धाडा."

दीड वर्ष मी फोटो पाठवत राहिलो. चिडचिड करत, पण पाठवत राहिलो. बाई कोपऱ्यावरच्या दुकानातून त्याचा कागद काढून आणायच्या, लाल पेनानं तपासायच्या आणि त्याचा फोटो मला यायचा. शेवटचा रकाना त्यांनीच आखलेला असायचा, 'गृहभेट?' माफी समोरासमोर मागू, असं मी मनाशी ठरवलं होतं. मधे दोनदा भारतात गेलो. दोन्ही वेळा पुण्यात लग्नं, जेवणावळी, आणि अमरावती म्हणजे एक अख्खी रात्र गाडीत. पुढच्या वेळी नक्की.

२०१९ च्या मार्चमध्ये डॉक्टरांचा मेधाला फोन आला, आई गेली म्हणून. त्या दिवशी रविवार होता आणि माझं टाचण पाठवून झालं होतं.

मे महिन्यात मी अमरावतीला गेलो. बैल गेला नि झोपा केला, तसलाच प्रकार. शेजारच्या वहिनींनी कुलूप उघडलं. "तुमीच का ते आयर्लंडचे मास्तर? दर सुट्टीत बाई समोरची खोली झाडून ठेवत. मास्तर येतीन म्हने."

टेबलावर फाइल होती. माझी दीड वर्षाची टाचणं तारखेवार लावलेली, प्रत्येक रकान्यात लाल खूण. फक्त शेवटचा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या तेव्हा मला रडू आवरेना. मग फाइलला दोऱ्यानं बांधलेलं लाल पेन सोडवलं, शेवटच्या पानावर गृहभेटीच्या रकान्यात त्या दिवसाची तारीख घातली आणि बाईंनी लिहिला असता तोच शेरा खाली लिहिला. 'उशिरा सादर.'