नवरा पीत नाही, मी पिते

"ताई, बायकांची मीटिंग पलीकडच्या खोलीत."

दारातच अडवलं मला. नगरमधल्या एका शाळेच्या दोन खोल्या, रविवार, दुपारचे चार. अलीकडच्या खोलीत दारू सोडू पाहणारे पुरुष. पलीकडं त्यांच्या बायका. अडवणारे सर निवृत्त मुख्याध्यापक, स्वतः बारा वर्षं न प्यायलेले. आवाज गोड.

"मिस्टर नाही आले सोबत?"

माझे मिस्टर पीत नाहीत. मी पिते. एवढंच सांगायला सोनईहून एसटीनं आले होते. वाटभर घोकत आले होते. पण सरांच्या मागं दहा-बारा पुरुष माना वळवून बघत होते. एक हसला.

"न्हाई आले," म्हणाले आणि पलीकडं गेले.

मी दारूबंदीची कार्यकर्ती. दुकान बंद करायच्या मतदानात आडव्या बाटलीसाठी गावोगाव फिरलेली. पत्रकं मीच लिहायचे. आणि पत्रकांच्या गठ्ठ्याखाली पिशवीत क्वार्टर असायची. ढोंगच ते. घाला शिव्या. पण कशानं लागली ते विचारू नका. बाई पिते म्हटलं की लोकांना मागं एक दुःखाची कहाणी लागते. माझ्याकडं नाही. एकदा प्यायले, बरं वाटलं, परत प्यायले. पुरुषाला लागते तशी लागली. पुढं पुढं सकाळी घेतल्याशिवाय हात थांबेनात. डॉक्टरनं रिपोर्ट पुढ्यात सरकवला. म्हणाला, औषध मी देतो, पण सोडायची तर माणसांत जाऊन बस.

बसले. पण भलत्याच माणसांत. पाच रविवार.

बायका बोलायच्या, रडायच्या. माझी पाळी आली की मी माझं पिणं नवऱ्याच्या नावावर खपवायचे. "उठल्या उठल्या लागती त्यांना." "पिठाच्या डब्यात लपवत्यात." सगळं खरं, फक्त माणूस दुसरा. शेजारची बाई माझा हात धरायची. हात थरथरायचा. तिला वाटायचं, बिचारी रडू दाबतीय.

ती खोली चालवायच्या वहिनी. कंत्राटदाराची बायको. एकदा कुणीतरी विचारलं, "वहिनी, बाया बी पेत असतील का वो?"

वहिनी हसल्या. "पुरुषाला आजार होतो गं. बाईला थेरं सुचतात. असली बाई मी दारात उभी करणार नाही."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या हसण्याची लाज मला पिण्यापेक्षा जास्त वाटते. समोर भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, दारूचं व्यसन हा आजार आहे. म्हणजे आजारसुद्धा पुरुषांनीच घ्यायचा. आमच्या वाट्याला चारित्र्य.

खोलीतलं बाहेर बोलायचं नाही असा नियम. तरी गेलंच बाहेर. माझा नवरा टेम्पो चालवतो, घोडेगावच्या बाजारातून जनावरं वाहतो. एका व्यापाऱ्यानं त्याच्या टेम्पोत चढवलेल्या म्हशी खाली उतरवल्या. भर बाजारात म्हणाला, "बेवड्याच्या गाडीत माल न्हाई घालायचा. तुजी बायकूच सांगती नगरात."

घरी आला. चप्पल न काढता उंबऱ्यात उभा राहिला.

"तू सांगितलंस?"

"व्हय."

माझं पिणं त्याला ठाऊक होतं. पिठाचा डबा त्यानंही उघडला होता. चप्पल काढून आत आला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मी पेतो म्हनलं तर लोक चार दिस हसत्याल. तू पेतीस म्हनलं तर गावात जगू देनार न्हाईत तुला. चालू दे माज्याच नावावर."

शिवी दिली असती तर परवडलं असतं. मायेनं बाहेरून कडी घातली त्यानं. मी पीत राहणार, तो बदनाम होत राहणार, आणि सगळं गाव त्याला सांगणार, सोड रे बाबा. मी मेले तरी खापर त्याच्याच डोक्यावर.

पुढच्या रविवारी सर दारातच होते. मी त्यांच्या बाजूनं आत शिरले. खुर्ची ओढली, बसले.

"ताई, इथं पुरुष आहेत. त्यांना मोकळं बोलता येणार नाही."

"माझा नवरा कधीच प्यायलेला नाही," मी म्हणाले. "मी पिते. आज सकाळीही प्यायलेय."

"आयला, हे नवीनच," मागून कुणीतरी. तिघं उठून गेले. सर म्हणाले, "समितीला विचारावं लागेल."

प्यायला लागताना यांनी कुणाला विचारलं नव्हतं. सोडायला मला समिती.

मी उठले नाही.

मीटिंग सुटल्यावर शेजारच्या खोलीतल्या बायका व्हरांड्यात उभ्या होत्या. माझा हात धरणारी म्हणाली, "आमची आसवं बघाया बसली व्हतीस व्हय गं?" तिचं बरोबर होतं. तिची माफी मागितली. वहिनींनी पदर सावरून तोंड फिरवलं. त्यांची मागितली नाही.

समितीचं उत्तर अजून नाही. माझी दारूही सुटलेली नाही. चार दिवस कोरडे जातात, पाचव्या दिवशी घसरते. घसरल्याचंही त्याच खोलीत सांगते.

उद्या घोडेगावचा बाजार. नवरा म्हणतोय, नको येऊस. मी टेम्पोत पुढं बसणार आहे. त्या व्यापाऱ्यासमोर, चारचौघांत, सांगणार आहे या घरात कोण पितं ते. त्यानंतर गावाला काय करायचं ते गाव करो. मी गावातच राहणार. आणि रविवारी चार वाजता त्या अलीकडच्या खोलीत बसणार.