दुसरा साक्षीदार

जेवण झालंय, पंखा कुरकुरतोय आणि सुभेदार खोचऱ्यांच्या पापण्या फाईलवर येऊन टेकतायत. शौर्यपदकाच्या शिफारशी तपासणारा हा कारकून अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचं शौर्य वाचून पार दमलाय. समोर लान्स नायक सिद्राम केंगारची फाईल. मरणोत्तर. प्रत्यक्षदर्शी साक्षी दोन लागतात. आहे एकच, कमांडरसाहेबांची, दुर्बिणीतून बघितलेली. चार वाजता मुदत संपणार. मग फाईल कायमची कपाटात.

स्टुलावर कोणीतरी बसलंय. फाईलवरच्या फोटोतलाच चेहरा, फक्त मिशीवर बर्फ.

"केंगार, वेळ घेऊन आलास का?"

"मेल्यावर कसली वेळ घ्यायची साहेब?" तो फाईल ओढून वाचतो. "'सिंहगर्जना करत शत्रूवर तुटून पडला.' ह्यो कोण?"

"तू."

"माझा घसा बसला हुता. आन् शत्रू कुठला? वरनं नुसतं गोळं पडत हुतं."

"लेका, गर्जना सगळ्यांच्यात घालतो आम्ही. नसली की वरचे विचारतात, गर्जना का नाही?"

टेबल गार लागतंय. खोचरे खाली बघतात तर बर्फाचा उतार. पंखा मात्र वर आभाळाला टांगलेला, कुरकुरतोय.

"दोघा जखमींना वढत आणलं," केंगार उताराकडे बोट करतो. "तिसरा तिथं वरडत हुता. आपला हमाल, नामग्याल. लय वेळ."

"म्हणून जिवाची पर्वा न करता..."

"कट्टाळलो साहेब. म्हनलं, ह्याला आणल्याबिगर झोप लागायची न्हाई. गेलो. दोघांनाबी झोप लागली."

खोचरे पेन खाली ठेवतात. ह्या वाक्याला त्यांच्याकडे साचा नाही.

"पहिले दोघं साक्ष देतील?"

"बेसुद हुती ती. बघितलं नामग्यालनं."

"तो मेलाय रे."

"मग मी काय जिता हाय? मला बिल्ला नको साहेब. पर आय दर सोमवारी ह्याचं इचारायला सैनिक बोर्डात जाती. बाबू म्हनतो, पुढच्या सोमवारी या. गुडघं गेलं तिचं. न्हाई म्हनायचं तर न्हाई म्हना."

"नाही म्हणायचा फॉर्म आहे," खोचरे पुटपुटतात. "पण तो संपलाय. छापायला गेलाय."

आता दोघं कँटीनच्या रांगेत उभे आहेत. रांग बर्फातून वर गेलीय. खोचऱ्यांच्या हातात नियमांचं पुस्तक. "साक्षीदार प्रत्यक्षदर्शी असावा. शुद्धीवर असावा. नात्यातला नसावा."

"जिता असावा, असं हाय का?"

खोचरे पानं उलटतात. परिशिष्ट बघतात. दुरुस्त्या बघतात. अठ्ठावीस वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं.

"नाही," ते म्हणतात.

रांगेतून एक बुटका माणूस पुढे येतो, पाठीवर रॉकेलचा डबा. "जुले," म्हणून वाकून रामराम करतो. मग दोनच वाक्यं बोलतो. सही येत नाही त्याला. तो अंगठा पुढे करतो.

"साहेब, चहा घेताय ना?" शेजारच्या टेबलावरून आवाज येतो. पावणेचार वाजलेत.

दुसऱ्या साक्षीच्या कोऱ्या रकान्यात तळाला एक अंगठा उठलाय. काळपट, ओला, बर्फासारखा गार. खोचरे आपले दोन्ही अंगठे उलटसुलट बघतात. स्वच्छ आहेत.

ते पेनाचं टोपण काढतात आणि अंगठ्याच्या वर लिहितात: "मी ओरडत होतो. हा आला."

गर्जना घालत नाहीत. खाली लिहितात, "माझ्यासमक्ष", सही ठोकतात आणि फाईल काखेत मारून जिना चढायला लागतात.