सब्ज्याचं कुंपण

थोरल्या जावेने सब्ज्याला कुंपण घातलं, त्या दिवसापासून मला जेवण गोड लागेना.

आमचं दोघींचं अंगण एकच. तिच्या दारापाशी सब्ज्याचं झुडूप आहे, तिनेच लावलेलं. तुरे वाळले की ती ते सुपात चोळून बी काढते आणि रोज सकाळी भिजवून थोरल्या दिरांना देते. त्यांच्या पोटात आग पडते. ती कशाने पडते हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आता ते नावालाच गाव आहे, चारही बाजूंनी इमारती आल्यात आणि नाक्यावर दारूचं दुकान आलंय.

ते दुकान बंद करायचं जावेने मनावर घेतलं. घरोघर फिरून बायकांच्या सह्या गोळा केल्या आणि शेवटी मतदान ठरलं. मतदानाच्या कागदावर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. दुकान नको असेल तर आडवीवर शिक्का मारायचा. यादीतल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मारला तरच दुकान बंद होतं. म्हणजे जी बाई घरी बसली तिचं मत उभ्या बाटलीलाच गेलं. सह्यांच्या कागदावर पहिली सही जावेची होती आणि दुसरी माझी.

आणि मी दर रविवारी दारू बनवत होते.

पनवेलच्या बाहेर एका बंगल्यावर मी स्वयंपाकाला जाते. तिथल्या मॅडम काही वर्षं इटलीत होत्या. रविवारी दुपारी त्यांच्या मैत्रिणी खारघरहून, मुंबईहून येतात आणि व्हरांड्यात बसतात. सुरुवातीला त्यांची दारू मॅडम स्वतः बनवायच्या, मी नुसती संत्री कापायचे. मग एकदा त्या म्हणाल्या, "तू बघतेस ना दर वेळी? आज तूच कर." नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. ते मला कधी जमलं नाही.

करायला ते फार सोपं आहे. मोठ्या पोटाचा ग्लास घ्यायचा, काठोकाठ बर्फ भरायचा. फसफसणारी पांढरी वाइन तीन भाग, इटलीची एक लाल कडू दारू असते ती दोन भाग, वरून सोडा थोडा. ढवळायचं नाही. लांब चमचा तळापर्यंत घालून एकदाच वर उचलायचा, म्हणजे फेस मरत नाही. संत्र्याची चकती कडेने सरकवायची. आंब्याच्या दिवसांत हापूसचा रस गाळून तळाशी घालायचा आणि त्यावर नुसती ती वाइन, अगदी हळू, नाहीतर उतू जाते. मी एक थेंबही कधी चाखला नाही. मी रंगावर ओळखते. पिकल्या सुपारीसारखा रंग आला की बरोबर झालं.

एका रविवारी मॅडमना वर घालायला पानं हवी होती. त्यांची इटलीची पानं बाजारात मिळाली नव्हती. "बाहेरच्या तुळशीची आण, चालतील," त्या म्हणाल्या. मी बाहेर गेले आणि तुळशीपुढे उभी राहिले. रविवारी तुळस खुडत नाहीत, आणि ती दारूत घालायला? हात उचलेना. तशीच आत आले.

"काय झालं गं?"

"आज रविवार आहे मॅडम."

"मग?"

मी पुन्हा संत्री कापायला घेतली. त्या हसल्या, "बरं, राहू दे," म्हणाल्या. पण मला वाटत राहिलं की आपण काम अडवलं. म्हणून पुढच्या रविवारी मी जावेच्या झुडपाचे चार शेंडे खुडून पदरात बांधून नेले. मॅडमनी पान चुरगळून नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "अगं, हीच की ती इटलीची! कुठे मिळाली?"

"दारात आहे."

तेव्हापासून मी दर रविवारी खुडत गेले. शेंडे खुडले की तुरे धरत नाहीत, तुरे नाहीत तर बी नाही. हे मला कळत होतं. एक दिवस जावेने डबा उघडून दाखवला, तळाला चिमूटभर बी उरलं होतं.

"शेजारणीची शेळी सोकावली गो," ती म्हणाली. "बघ, कशी शेंडं खाल्लीत."

मी डब्याचं झाकण लावून दिलं. तिने बाभळीच्या फांद्या आणून झुडपाभोवती रोवल्या. शेजारणीशी दोन दिवस भांडण झालं. "माझी शेळी बांधलेली असते, तुझ्या डोळ्यांना बांध पट्टी," शेजारीण म्हणाली. मी भिंतीआड भांडी घासत ऐकत होते. एकच भांडं किती वेळ घासलं कुणास ठाऊक. हाताला संत्र्याच्या सालीचा वास येत होता, राखेनेही जात नव्हता.

मतदान नेमकं रविवारी आलं. सकाळी शाळेत रांग लागली. जाऊ पुढे, मी मागे. ऊन चढत होतं. दुपारी मला बंगल्यावर जायचं होतं, आठ बायका येणार होत्या. रांग सरकेना. माझे पाय एका जागी ठरेनात.

"चुळबूळ कला करतंस? मुतायला जायचं काय?" जाऊ म्हणाली. पुढच्या बायका हसल्या.

त्या हसण्यातच माझ्या तोंडून निघालं. "वयनी, शेळी नाय. सब्जा मी खुडलाय. मॅडमकडं दारूत घालाया. ती दारू पण मीच बनवतंय."

ती मागे वळली नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढत म्हणाली, "शेळी सब्ज्याला तोंड नाय लावत. मना ठाव हाय."

"मग कुंपण कला घातलंस?"

"तू बोलशील म्हणून."

"आनि शेजारनीशी भांडलीस ती?"

"तिच्याशी मना तसंबी भांडायचं होतं."

रांग दोन पावलं सरकली. मग ती हळूच म्हणाली, "शिक्का कशावर मारशील?"

"आडवीवर."

"मार मग."

आत जाऊन कागद उघडला. दोन्ही बाटल्या सारख्याच काढल्या होत्या, तीन वेळा बघितलं तेव्हा शिक्का मारला.

दुपारी बंगल्यावर संत्री, काकड्या कापल्या, बर्फ फोडला. मग मॅडमना म्हणाले, "फळं मी कापीन. बाटली तुमी ओता." बोलताना मी चॉपिंग बोर्डाकडे बघत होते. मॅडमनी माझ्या बोटाची शाई बघितली. त्यांनी ओतलं, आणि लाल जरा जास्तच पडलं. मला दिसत होतं. मी चमचा धुवत राहिले. व्हरांड्यातून कोणीतरी म्हणालं, "आज कडू झालंय गं." हात पुसून जावं असं दोनदा वाटलं. गेले नाही.

संध्याकाळी मोजणी झाली. बाटली आडवी पडली, थोडक्या मतांनी. जावेच्या दारात बायका जमल्या, कोणी गूळ वाटला, शेजारीणही आली. थोरले दीर आत पडून होते. आता ते पुढच्या नाक्यावर जातील हे जावेला माहीत आहे, मलाही.

कुंपण अजून तसंच आहे. झुडपाला नवे शेंडे फुटलेत. येत्या रविवारी मॅडम पानं मागतील. काय सांगायचं ते मी रोज भांडी घासताना जुळवते, आणि दुसऱ्या दिवशी ते मला पटत नाही.